बंद चाव्यांची

"पुतण्यासाठी हवीय," ती म्हणाली, "स्वस्तातली."
हेरिंगचा वास तिच्याआधी दुकानात शिरला होता.
ग्दिन्यात त्याचं कुणी मनावर घेत नाही.
कॅनरीची पाळी तीनला सुटते
आणि बंदराकडून येणारी ट्रॉलीबस
माझ्या दारासमोरच थांबते.

केवढा आहे, मी विचारलं.
"नऊ वर्षांचा." मग, "दहा."
लहान हातांना नळी लांब पडते,
त्यांच्यासाठी वळवलेल्या डोक्याची मिळते एक,
असं मी सांगायला लागलो, तर घाईनं म्हणाली,
"हात मोठे आहेत त्याचे."

एकतीस वर्षं पॅड बदलतोय मी.
पुतण्यांसाठी येणारी माणसं
पेटीकडे अशी बघत नाहीत.

आधी निळी दाखवली, ती घेऊ नये म्हणून.
कोरी, मखमलीच्या कुशीत, दोनशे ऐंशी झ्लॉटी.
अंगठ्यानं चावी जराशी दाबली
तर मेणासारखी वाकली.
"नव्याची नवलाई दोन महिने," म्हटलं,
"मग ही माझ्याकडेच येणार, आणि मी परत पाठवणार.
ह्या धातूवर झाळ धरत नाही."

मग भिंतीवरची. नऊशे.
चाव्यांना मधोमध भोकं.
उद्या लागेल म्हणून लोक आज हीच घेतात,
आणि वर्षभर भोकांवर बोटं बसवण्यात जातं.
टोक नेमकं बसलं नाही तर
सूर तिथूनच गळतो.

तिनं डावा हात कोटाच्या खिशात घातला.

मी आधीच बघितला होता तो.
अनामिका शेवटच्या पेरापाशी संपलेली.
डब्यांना झाकणं बसवणारं यंत्र.
अशी बोटं ह्या गावात पुष्कळ आहेत
आणि त्यांच्याबद्दल विचारायची पद्धत नाही.

फळीखालची पेटी काढली.
एक बिजागरी गेलेली, बुटाच्या नाडीनं बांधलेली.
आतली चाळीस वर्षांची, जपानी, शाळेच्या बँडमधली;
उजव्या अंगठ्याखालचा मुलामा उडालेला,
कितीतरी पोरांनी तिला तिथं घट्ट धरलेलं.
चाव्या सगळ्या बंद.
आणि अनामिकेची रांगेतून जराशी बाहेर काढलेली,
आखूड बोटांना पोचावी म्हणून.
"पुतण्याला बरी पडेल," म्हटलं.
ती काही बोलली नाही.

सिगारेटचा कागद एकेका पॅडखाली धरून ओढला.
कागद अडला पाहिजे, सगळ्या बाजूंनी सारखा.
एका ठिकाणी सरकन निघाला.
"इथं वारा जातोय. नीट करून देतो.
साडेतीनशेतच."

"पहिला आठवडा फक्त डोकं वाजवायचं,
बाकीचे दोन तुकडे पेटीतच राहू देत.
ओठांच्या टोकावरून सूर्यफुलाचं साल उडवतो ना,
तसं. समोर आरसा."
"त्याला दाखवणार कसं मी?"
मी डोकं स्पिरिटनं पुसलं, तिच्या पुढ्यात ठेवलं.

पहिल्यांदा नुसता वारा.
दुसऱ्यांदाही.
तिसऱ्यांदा घेरी आली, काउंटर धरून हसली,
म्हणाली, फुकटची व्होदका.
मग ट्रॉलीबस निघून गेली, रस्ता गप्प झाला,
आणि सूर आला.
जाड, कच्चा, धुक्यातल्या भोंग्यासारखा.
ती अशी दचकली
की मागं वळून बघितलं, कुणी वाजवलं ते.

पावतीवर नाव लिहायचं होतं.
"पुतण्याचं?"
बराच वेळ पेटीची नाडी सोडत-बांधत राहिली.
"लुत्सीना क्रेफ्ट," म्हणाली. "त्रेपन्न."
वय कुणी विचारलं नव्हतं.
मी तेही लिहिलं.

रात्री गळका पॅड बदलला.
मग अनामिकेच्या चावीवर बुचाची चकती चिकटवली,
आधी दोन मिलिमीटर, मग तीन.
माझं बोट दुमडून, पेरानं दाबून बघितलं.
तिचं किती उरलंय ते
हात खिशात जाण्याआधी दिसलं तेवढंच ठाऊक.
शनिवारी येईल.
जास्त झालं असेल तर
तिच्यासमोरच घासून देईन.