उजव्या डोळ्याचं तळं

भंडाऱ्याला मोतीबिंदूची पट्टी सोडली त्या सकाळी
वॉर्डातली चादर निळी निघाली.
मी म्हटलं, काल तर ही मळकी होती.
नर्सबाई म्हणाली, आजोबा, चादर तीच आहे.

घरी ओसरीवर बसून
एक डोळा मिटायचा, मग दुसरा.
डाव्यानं तळं जुनंच,
तळणाच्या तेलासारखं पिवळं.
उजव्यानं निळं, इतकं निळं
की कोणाचं तरी उचलून आणल्यासारखं वाटलं.

पारबता म्हणाली,
"डॉक्टरनं वाकू नका म्हटलं,
आन तुमी डोळे कायले मिचकावता जी?
रस्त्यानं बाया जातेत."

बारा वर्षांचा असताना वडशाला
डोमाजी पेंटरकडे मी सरस उकळायचो.
नाटकाचे पडदे. दरबार, रस्ता, जंगल.
जंगलाची पानं माझ्याकडे,
एका पडद्याला चार-पाचशे,
आणि वास असा की घास उतरायचा नाही.
आभाळ मात्र तो स्वतः मारायचा.
"आभाळाले हात लावू नोको.
थे सुकलं का बदलते. तुले नाही समजाचं."

पुढे पानंच मोजली, तेंदूची.
फडीवर मुनशी. सत्तर पानांचा पुडा.
कोवळ्या पानाचा तांबूसपणा पाहत राहिलो
की मोजणी चुकायची.
ठेकेदारानं दुसऱ्या हंगामात बोलावलं नाही.
मग लाखनीची राइस मिल, कोंड्यात अकरा वर्षं.
त्या काळातलं रंगाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.
मग कालव्यावर चौकीदार,
पाणी सोडलं तरी शिव्या, बंद केलं तरी शिव्या.
शेवटी शाळेत परिचर. घंटा,
आणि चित्रकलेच्या तासानंतर पेले विसळणं.
गढूळ पाण्याचे चाळीस पेले मोरीत ओतताना
मी जरा हळू ओतायचो.
एवढंच. कोणी विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं.

आता ब्रश तीन, एक दाढीचा,
दोन शाळेतून आणलेले. आणलेले म्हणजे आणलेले.
तान्ह्या पोळ्याच्या नंदीसाठी घेतलेली भुकटी,
सहकारी बँकेचं पाठकोरं कॅलेंडर.
सरस मिळेना, डिंकावर भागवलं.

पहिलं तळं वाईट झालं. दुसरं त्याहून.
पाणी भिंतीसारखं उभं राहायचं.
हात पानं मागायचा, त्याला तेवढंच येतं,
म्हणून शिंगाड्याच्या वेली काढत बसलो
कडेकडेनं, चार दिवस,
मधली आभाळाची जागा कोरी ठेवून,
जणू डोमाजी येऊन भरणार आहे.

तो तर मी मिलमध्ये होतो तेव्हाच गेला.

सातव्या दिवशी मीच भरलं, उजव्या डोळ्यानं.
सुकलं. बदललं.
म्हातारा खरं सांगत होता.

मग बाजूच्या पानावर डाव्यानं.
पिवळं तळं मला जास्त जमलं.
यात कोंडा आहे, तेंदूचं पान आहे,
मोरीतून गेलेलं सगळं पाणी आहे.

बकाराम शिंगाडे द्यायला आला, उभ्यानंच पाहिलं.
"दोन कायले काढले जी? गावात तं एकच तलाव हाय."
मी म्हटलं, डोळे दोन आहेत ना.
टोपली काखेत धरून तो बराच वेळ थांबला,
मग पिवळ्यावर बोट ठेवलं, रंग ओला होता.
"माहा डोंगा यातला बरा हाय."
त्याचं बोट अजून तिथं आहे. मी पुसलं नाही.

डाव्या डोळ्याची तारीख आली आहे, बुधवारची.
पारबतानं पिशवी भरली. ताट, चादर, रिपोर्ट.
मी मागच्या अंगणात जाऊन दवाखान्यात फोन केला,
सर्दी झाली, पुढच्या महिन्यात येतो.

सर्दी नाही.
पिवळ्या तळ्याचा पलीकडचा काठ राहिला आहे,
आणि तिथल्या मोहाची सावली
याच डोळ्याला दिसते.