अरे-तुरे

गुरुवारी दुपारी तीनच्या खोलीत
कुणालाच पाय नसतात.
कमरेखाली सगळेच संपलेले,
तरी येताना प्रत्येक जण दारातूनच येतो,
भिंतीतून येता येतं हे माहीत असून.

मी तिथे निळी बाई. बॉबकट. चष्मा नाही.
एक नारळ आहे, डोळे असलेला,
तो सोलापूरचा, असं तोच सांगतो.
एक चिलखतवाला, आवाज नुकता फुटलेला.
आणि घुबड.
त्याचा आवाज यंत्रातून गाळलेला, ना बाईचा ना पुरुषाचा.
मराठीत ते घुबड, तेवढी सोय.

पहिल्या दिवशी मोठीच पंचाईत.
आडनावं नाहीत, पिकलेले केस नाहीत,
गळ्यात काही नाही, कपाळावर काही नाही,
मग तुम्ही कुणाला म्हणायचं नि तू कुणाला?
नारळाला "अहो" म्हणताना मलाच हसू फुटलं.
शेवटी घुबडच म्हणालं, सरळ अरे-तुरे करू,
इथे कोण बघतंय.

तेव्हापासून तू.
तू आज उशिरा. तुझा हात टेबलातून आरपार गेलाय, काढ.

पण सवयी काही कमरेपाशी संपत नाहीत.
कुणी फार जवळ आलं की मी मागे सरकते
आणि खऱ्या खोलीत कपाटावर आपटते.
नारळाच्या माइकमधून कुकर वाजला
की बोलणं थांबतं, सगळे मनात मोजतात,
तिसरीला घुबड म्हणतं, जा रे, बंद कर.
हेडसेट काढून कुणी उठलं
की त्याची मान छातीवर पडते, तो तसाच तरंगत राहतो.
आम्ही हळू बोलतो मग.
शेजारी कुणी झोपलं असावं तसं.

घुबडाशी माझं जमलं. म्हणजे काय, तर
ते गप्प बसायचं आणि मीही.
एकदा सांगून टाकलं, नोकरी गेली ते,
घरात अजून कुणाला न सांगितलेलं.
घुबडाने मान पूर्ण मागे फिरवली
आणि म्हणालं, बोल, मी बघत नाहीये.

परवाच्या गुरुवारी बोलता बोलता खोली विझली.
वीज बंदचा मेसेज आला होता, मी वाचलाच नव्हता.
हेडसेट काढला. धनकवडी. पंखा शेवटचे फेरे घेत होता.
फोनवर नारळाचा निरोप:
तू आणि घुबड एकदमच गेलात.

"एकदमच" मी दोनदा वाचलं.

गॅलरीत गेले. तळजाईकडून गरम वारं.
समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर,
ज्यांचे पट्ट्यापट्ट्यांचे पायजमे मी चार वर्षं ओळखते
आणि तोंड कधी पाहिलं नव्हतं,
ते गृहस्थ कठड्याला धरून उभे. सत्तरीचे तरी.
डोळ्यांभोवती, कपाळावर लाल वळ.
माझ्याही कपाळावर, तिथेच. हात लावून पाहिला.
त्यांनीही लावला.

मधे बाराएक फूट,
खाली कुणीतरी बादलीने गाडी धुतंय.

तोंडाशी "तू" आलं होतं.
मग पांढऱ्या मिश्या दिसल्या, बनियनचं भोक दिसलं.
"तुम्ही" म्हणावं, तर तीन महिन्यांचं ते घुबड जाणार कुठे?
आपल्याकडे एक पळवाट आहे,
नव्या जावेशी, सुनेच्या वडलांशी, अडल्या वेळी कुणाशीही चालते:
माणूस वगळलेलं वाक्य.
जरा मोठ्याने विचारलं,
"जेवण झालं का?"

ते काही बोलले नाहीत.
मान मागे फिरवू लागले,
जेमतेम खांद्यापर्यंत गेली.