सुटलेली ओळ

लामारा ख्विचियाचं अक्षर लावणं
म्हणजे राजम्यातले खडे वेचणं.
मी एकवीस वर्षं वेचले.
पानामागे चाळीस कोपेक
आणि बोटांना कार्बनची निळाई फुकट.

ती चियातुराची. तिथे नदीही काळी वाहायची,
मँगनीज धुऊन धुऊन.
बाप खाणीत. आई वर, कड्याच्या टोकाला,
दरीवरून खाणकामगारांची ने-आण करणाऱ्या
लोखंडी पाळण्यांची राखण करत.
"सगळ्यांची पोरं पाळण्यातून उतरून मोठी होतात,
मी मोठी झाले आणि पाळण्यात बसून शाळेत जायला लागले,"
हे ती प्रत्येक मेजवानीत सांगायची,
आणि दर वेळी हसणारी मी एकटीच.
वीज गेली की पाळणा अधांतरी.
खाली दरी, मांडीवर वही.
कादंबरी म्हणजे तेवढंच, म्हणायची.
आणि पटकथा?
वीज आल्यावर बसतो तो हिसका.

पहिल्या कादंबरीचे पैसे एका ओव्हरकोटात संपले.
मग तिबिलिसीचा स्टुडिओ, पोटासाठी.
सोळा पटकथा. अकरा पडद्यावर आल्या.
सातांवर नाव. त्यातल्या एकावर आडनाव चुकलेलं,
आणि नेमका तोच चालला.

मग त्यांनी तिची कादंबरीच मागितली,
त्यातली आई डोंगरापलीकडे जाते आणि येत नाही.
समितीचे वार्लाम इओसिफोविच, माणूस वाईट नव्हता,
सगळ्यांना पेपरमिंट द्यायचा,
म्हणाला, "आई परत यायला हवी.
लोक तिकीट काढून येतात."
अकरा महिने ती भांडली.
ऑक्टोबरात एका संध्याकाळी
माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिलंन:
पाळणा थांबतो. दार उघडतं. आई उतरते.
शेवटच्या शब्दावर पेन्सिलीचं टोक मोडलं.
समितीचा शिक्का बसला.

चित्रीकरणाची प्रत मी रात्री केली.
मुलाला ताप, एकोणचाळीसच्या वर.
पाच कार्बन, ओल्या फडक्याची घडी,
पुन्हा मशीन, पुन्हा फडकं.
पाळणा थांबतो. दार उघडतं.
आणि त्याखाली: समाप्त.

दिग्दर्शक गुराम, कागदावर असेल तेवढंच शूट करणारा.
नटी ठरलेला कोट घालून दिवसभर
कड्यावर कुडकुडत उभी होती, म्हणे.
कुणी हाक मारली नाही.

पहिल्या खेळाला दिवे लागले तेव्हा
वार्लाम इओसिफोविचनं चष्मा पुसला,
बराच वेळ पुसला,
आणि म्हणाला, "पलीकडच्या दारानं उतरली असेल."
चार थिएटरांत लागला, ऐन हिवाळ्यात.

दुसऱ्या दिवशी लामारा दारात.
जाळीच्या पिशवीत संत्री, पानांसकट.
मी माफी मागायला तोंड उघडलं.
तिनं विचारलं, "ताप उतरला?"
"उतरला."
"बरं झालं. कुणीतरी उतरलं."
यापलीकडे आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

मुद्दाम सोडलीस का, असं मला मुलगाही विचारतो.
काय सांगू?
टाइप केलेलं पान मी दोनदा वाचते, ही माझी सवय.
त्या रात्रीही वाचलं होतं.

पुढे ते अंधाराचे हिवाळे आले.
ना वीज, ना गॅस, पावासाठी पहाटेपासून रांग.
पटकथा तिनं एकेक करून शेगडीत घातल्या.
"यांचे सिनेमे झालेत," म्हणाली, "हात तरी शेकू."
आणि मेणबत्तीशी दुसरी कादंबरी लिहायला बसली.

वर्तमानपत्रात चार ओळी आल्या:
कादंबरीकार, पटकथाकार.
आडनाव या खेपेला बरोबर होतं.

तीनशे बारा पानं माझ्याकडे आहेत.
तीनशे अकरा झाली टाइप करून.
शेवटच्या पानावर तळाशी लिहिलंय,
दार उघडतं. आई
आणि पुढे एक शब्द, जो मला लागत नाही.
खिडकीशी धरून पाहिला, भिंगातून पाहिला.
उतरते असू शकेल.
दुसरंही काही असू शकेल.

कागद मशीनमध्ये तसाच आहे.
एका शब्दाची जागा सोडून
मी पूर्णविराम तेवढा देऊन ठेवलाय.