चमच्यांवर उभा तंबू

खुंट्यांची पिशवी नरूमालाच राहिली
हे कळलं टाथ्राच्या अलीकडे,
तेव्हा काचेवरचे वायपर
कुणी नाही नाही म्हणावं तसे हलत होते.
डगल म्हणाला, तू ठेवलीस ना?
मी म्हटलं, दरवेळी तू ठेवतोस.
मग पुढचे अठरा किलोमीटर
दोघांनी नुसता पाऊस ऐकला.

रेडिओवरची बाई सांगत होती
नदीला पाणी चढतंय, खालचा पूल बंद,
गुरं वरच्या कुरणात न्या.
आमच्याकडे गुरं नव्हती.
एक तंबू, दोन खुर्च्या, बर्फ वितळलेली पेटी,
आणि कोण केव्हा काय विसरलं
याचं एकतीस वर्षांचं पाठांतर.

तळावर दुसरं कुणी नव्हतं.
मिसेस कालाफातिस छत्री न घेताच आल्या,
ओली पावती फाडून हातात दिली,
फडफडणाऱ्या कापडाकडे एकवार बघितलं.
"केबिन रिकामी आहे," इतकंच.
डगलने मान हलवली. हट्ट त्याचा.
खरं सांगायचं तर माझाही.

मग त्याने स्वयंपाकाचा डबा उघडला.
काटे चार. चमचे सहा. एक स्क्रू-ड्रायव्हर.
आणि त्याच्या आईचा, जॅम ढवळायचा लांब दांड्याचा डाव;
तो वाऱ्याच्या बाजूला.
चिखलात गुडघे रोवून
दगडाने एकेक ठोकत गेलो.
मी दोर ताणायचा, त्याने घाव घालायचा.
थोडं तिरकं. अजून. बोट सांभाळ.
दिवसभरातलं एवढंच बोलणं,
पण बोलणंच.

रात्री समुद्र दिसत नव्हता.
शेजारच्या खोलीत कुणी जड कपाट सरकवतंय
आणि ते भिंतीला लागत नाहीये,
असा त्याचा आवाज.
ओल आधी पायाशी आली, मग गुडघ्यांशी,
मग आम्ही मधल्या कोरड्या पट्ट्यावर
एकमेकांना चिकटून,
थंडीमुळे, दुसरं काही नाही.
माझ्या घोट्यावर जळू निघाली.
मीठ गाडीत. डगल बॅटरी घेऊन गेला
आणि आला तो सगळीकडून निथळत,
मिठाचा पुडा शर्टाच्या आत
छातीशी कोरडा धरून.
हे मी विसरणार नाही.
कधी वादात काढणारही नाही.

पहाटे एक काटा उपटला.
दगडावर टन्न.
दोघंही जागे होतो, हे तेव्हा एकमेकांना कळलं.
"आता चमचा," अंधारात तो म्हणाला,
आणि खरंच, टन्न.
मी नाकातून हसले, मग पोटातून,
त्याला तर ठसका लागला.
डाव मात्र धरून होता.

सकाळी पाऊस थांबला नव्हता, कंटाळला होता.
दोन कांगारू गवतावर,
भिजून पाठी काळ्या पडलेल्या,
आमच्याकडे न बघता चरत होते.
बीन्स गरम केले; खायला चमचा नाही,
सगळे जमिनीत कामावर.
पावाच्या कडेने टिपून खाल्ले.
मिसेस कालाफातिस यांनी खिडकीतून किल्ली हलवून दाखवली.
आम्ही हात हलवला.
तो नकार होता की नमस्कार,
त्यांनी ठरवावं.

निघताना वाकडे झालेले एकेक उपसले.
डाव निघेना.
राहू दे, मी म्हटलं.
आईचा आहे, तो म्हणाला,
आणि दोघांनी मिळून ओढला तेव्हा
काळी वाळू आणि कुठल्याशा झुडपाचं
बोटभर मूळ घेऊन वर आला.

ईडनच्या लॉन्ड्रीत
अंगावर फक्त रेनकोट घालून बसलो.
ड्रायरच्या गोल काचेत आमचे कपडे
एकमेकांवर पडत होते, उठत होते, पडत होते.
नाणी संपली, शर्ट तरी दमटच.
डगलने तो झटकला
तर खिशाच्या शिवणीतून
चिमूटभर मीठ फरशीवर.

पुढे मालाकूटा. पुढेही पाऊस.
गाडी सुरू करताना त्याने विचारलं, चमचे घेतलेस?
घेतले, म्हटलं. पाच.
सहावा कुठे,
ते त्यानेही विचारलं नाही.