खालून वर

नियम मीच लिहिला होता. हे आधी सांगून टाकतो.
नव्वदच्या संपानंतर, टाइम ऑफिसच्या मागच्या ओट्यावर
दौलत निखाडे बोलत होता, मी कार्बन लावून लिहीत होतो:
पाळी बदलताना माणूस कमी पडला
तर आधी विचारायचं, राजीखुशीनं कोण थांबतो.
विचारायचं वरून खाली, जुन्यापासून.
कोणीच तयार नसेल तर थांबवायचं.
थांबवायचं खालून वर, नव्यापासून.
"जुन्या हाडाले येवढा तरी मान पायजे," दौलत म्हणाला.
मॅनेजरनं सही केली. आम्ही आलुबोंडे खाल्ले.

त्याआधी सुपरवायझरचं बोट होतं.
ज्याच्यावर पडलं तो थांबला,
आणि ज्यानं त्याच्या घरी तुरीचं पोतं टाकलं
त्याच्यावर ते कधी पडलं नाही.
बोटापेक्षा यादी बरी.
हे मी अजून म्हणतो.

यादी काचेच्या पेटीत लागली.
एक किल्ली त्यांच्याजवळ, एक माझ्याजवळ.
नवे लागत राहिले, खालचे वर सरकत राहिले,
कोणी कायमचं तळाला राहणार नव्हतं.

मग भरती बंद झाली.

सगळ्यात खाली मोरेश्वर कोहपरे,
रिंग फ्रेम, तिकीट नंबर चारशे बारा.
लागला तेव्हा मिशी फुटत होती.
आता चष्मा आहे, पोरगी बारावीला आहे,
एकोणीस वर्षं झाली,
आणि गिरणीत तो अजून नवा आहे.

अकराचा भोंगा होतो. चौघांतले तिघं येतात.
विचारणं सुरू होतं: झाडे, नाही. ढुमणे, नाही.
चार-पाच नावांत सुपरवायझर कंटाळतो,
तोवर मोरेश्वरनं सायकलला अडकवलेला डबा
परत आत आणलेला असतो,
डोक्याला फडकं गुंडाळलेलं असतं.
त्याचं नाव घ्यायची कोणाला गरजच पडत नाही.

एका रविवारी घरी आला. चहा घेतला.
कंपाउंडला लागून यंदा पऱ्हाटी कशी झाली, ते बोलला.
उठता उठता म्हणाला,
"सचिव, थांबाले माही ना नाही. दुप्पट भेटते.
पन निदान इचारत जा.
'थांबतं का?' असं."

मी सभेत ठराव मांडला. पाळीपाळीनं थांबायचं,
जो आज थांबला त्याचं नाव उद्या शेवटी.
हजर एकाहत्तर. बाजूनं हात नऊ.
बाकीचे चपलांकडे पाहत होते.
यादीत माझं नाव वरून सहावं, निवृत्तीला आठ महिने.
सचिवाला मत असतं.
मी इतिवृत्त लिहीत होतो,
हात गुंतलेला होता.

त्यानंतर मी एवढंच केलं.
सुपरवायझरला म्हटलं, कलम नीट वाच.
विचारायचं म्हणजे सगळ्यांना, तळापर्यंत.
काल रात्री त्यानं कुरकुरत सगळी नावं घेतली.
लोणारे, गेडाम, वाढई,
मशिनींच्या आवाजात ओरडून ओरडून
शेवटी:
"कोहपरे, थांबतं का?"

मोरेश्वरनं घड्याळाकडे पाहिलं.
पापण्यांवरची रुई बोटानं काढली.
एवढा वेळ लावला की शेजारच्या फ्रेमवर
चार धागे तुटले, ते त्यानंच जाऊन जोडले,
आणि परत येऊन म्हणाला,
"नाही."

मग नियमाप्रमाणे तोच थांबला.

रजिस्टरमध्ये दोन्ही नोंदी मी केल्या.
नकार, अकरा वाजून सहा मिनिटं.
सक्तीनं थांबवला, अकरा वाजून सात.
सही करताना तो हसत होता.
डबा उघडून म्हणाला, "ठेचा हाय, घ्या."
मी घेतला. खूप तिखट होता.
नंतर माझी सायकल काढली
आणि नियमाप्रमाणे घरी आलो.