सत्तर–एकोणसत्तर

दर फेब्रुवारीत, दुसऱ्या शनिवारी
मार्वेलच्या हॉटेलात आम्ही सातजण जमतो.
पूर्वी एकवीस होतो.
कॉफी येते. हार्लन मिठाची बाटली उचलून
टेबलाच्या मधोमध ठेवतो : हा पिकेट.
मिरपूड म्हणजे त्यांचा तो सहा फूट नऊ इंची ताड.
साखरेची पुडी, चेंडू.

सेकंद किती उरले होते?
हार्लन म्हणतो, चार.
डॉर्थी म्हणते, सहा, कारण तिनं सहा वेळा देवाचं नाव घेतलं,
आणि ती लुथरन आहे, उगाच घेत नाही.
पिकेटनं डाव्या हातानं टाकला, म्हणतो आर्लो.
कसा टाकेल? डाव्या मनगटाला पट्टी होती,
मंगळवारी मीच बांधली होती, म्हणते डॉर्थी.
घोट्याला होती, म्हणतो आर्लो.
चेंडू कड्यावर दोनदा नाचला,
नाही, तीनदा.
दरवर्षी एक उडी वाढते.
अजून दहा वर्षांनी तो बहुधा खाली यायचाच नाही.

एवढं मात्र सगळ्यांना सारखं आठवतं :
ब्रॅनफोर्डचं ते बुटकं, कोंदट जिम,
त्यांचे पाच हजार, आमचे बेचाळीस,
तेही वरच्या कोपऱ्यात, खांबाआड,
आणि आमच्या बँडचा एकुलता एक ट्रॉम्बोन,
थंडीनं नळी अडकलेला.
मध्यंतराला सतरानं मागे.
त्यांच्या निवेदकानं आमच्या गावाचं नाव
तीनदा चुकीचं घेतलं,
तिसऱ्यांदा मुद्दाम.

मी फारसा बोलत नाही.
मी बसचा ड्रायव्हर होतो.
बाहेर शून्याखाली सव्वीस.
डिझेल गोठू नये म्हणून
दर वीस मिनिटांनी इंजिन चालू करून यायचो.
शेवटच्या खेपेला मागचं दार आतून लागलं.
ठोठावलं. लाथा घातल्या.
त्या गदारोळात कोण ऐकणार?

म्हणजे तो चेंडू मी पाहिलेलाच नाही.
एकतीस वर्षं झाली, या टेबलावर कुणाला माहीत नाही.

भिंतीला कान लावून उभा होतो. टोपीची लोकर विटेला चिकटत होती.
आत लाकडी बाकांवर दहा हजार पाय,
आणि पाच हजार गळे उलटे आकडे मोजत होते :
पाच
चार
तीन
दोन
एक कुणी म्हटलंच नाही.

एवढी माणसं एकाच वेळी गप्प झालेली
मी आयुष्यात पुन्हा ऐकली नाहीत.
दिव्याखाली बर्फ पडत होता, त्याचासुद्धा आवाज आला.
मग त्या गप्पपणाच्या तळातून
बारीक, बेसूर,
नळी सुटलेला ट्रॉम्बोन.

परतीला तीन तास. तासभर गाणी,
मग एकमेकांच्या खांद्यांवर झोप.
पिकेट पुढे आला, माझ्या बाजूच्या पायरीवर बसला.
वायपर बघत राहिला बराच वेळ.
मग म्हणाला, मिस्टर टवेट, तुम्ही पाहिलंत?
हो म्हटलं.
म्हणाला, मग सांगा ना, कसा गेला?
मी डोळे मिटले होते.

काय सांगणार?
समोर पांढरा रस्ता, मागे झोपलेलं सगळं गाव,
आणि एकोणीस वर्षांचं पोर उत्तराची वाट बघतंय.
कड्यावर दोनदा नाचला, म्हटलं,
आणि मग आत, जाळीलाही न कळता.
तो हसला.
सोमवारच्या पेपरात त्यानं तेच सांगितलं, शब्दशः.

आता मार्वेल कॉफी भरायला येते.
हार्लन माझ्याकडे वळतो : तू सांग रे,
आम्ही सगळे किंचाळत होतो,
शुद्धीवर तू एकटाच होतास.

दोनदा, म्हणतो मी.
आर्लो टेबलावर हात आपटतो. मिरपूड आडवी होते.
डॉर्थी म्हणते, तीनदा. आणि सहा सेकंद होते.

असतीलही.
साखरेची पुडी फोडून मी कपात ओततो.