मीटरभोवती एक मीटर

मीटर शहराचा.
तो ज्या भिंतीवर आहे ती भिंत तुमची.
मीटरभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायची,
कुत्रा बांधायचा, दिवा लावायचा,
सीलला हात लावायचा नाही.
बावीस वर्षं मी हे विनिपेगच्या तळघरांत म्हणत आलोय,
बूट दारात काढून, नुसत्या मोज्यांवर.

त्या फेब्रुवारीत जमीन सात फूट खोल गोठली
आणि दारोदार नारिंगी पत्रक गेलं:
एक नळ चालू ठेवा,
पेन्सिलीएवढी धार,
रात्रंदिवस, पुढची सूचना येईपर्यंत.
या पाण्याचं बिल लागणार नाही.

एल्गिन अव्हेन्यूवरच्या एका घरापुढे
आमच्या स्टीफननं दोनदा लिहिलं होतं ‘अडथळा’.
तिसऱ्यांदा दंड. म्हणून मी.

दार उघडलं एका मुलानं, फिल्मोन, असेल बाराचा.
मागे त्याची आई, अब्रेहेत.
शहरात येऊन पाच महिने,
त्याआधी नऊ वर्षं सुदानच्या छावणीत.

तळघराच्या पहिल्याच पायरीवर पाणी लागलं.
सांडलेलं नाही, भरून ठेवलेलं.
दुधाचे कॅन, ज्यूसच्या बाटल्या, रंगाचा डबा,
बाळाचा टब, एक फुलदाणी,
पिशवीचं अस्तर लावलेला कचऱ्याचा पिंप,
सगळ्यांवर झाकणं,
झाकण नाही तिथे बशी.
मीटर पार पलीकडे,
त्याचा लाल त्रिकोण गरगर फिरतोय.

मी म्हणालो, एक मीटर.
हात पसरून दाखवलाही.

ती बराच वेळ बोलली.
मुलानं त्यातलं थोडंच माझ्यापर्यंत आणलं:
‘ती म्हणते, नळ बंद करायचा नाही, हे कळलं.
पण मोरीत सोडायचं
असं कागदावर कुठे लिहिलंय?’

मी कागद वाचला.
उलटून मागची बाजूही.

मग आम्ही तिघं एकेक भांडं उचलू लागलो.
एकशे त्रेचाळीस. मी मोजत होतो, सवय.
ओळखीच्यांकडून रिकाम्या बाटल्या मागून आणते, मुलगा म्हणाला,
त्याही भरल्या की वर जाऊन दार लावून घेते.
वाहताना तिला बघवत नाही.

आकडा मी मोठ्यानं वाचला.
पैसे नाहीत तर मोजता कशाला,
हे तिनं मुलाला न विचारता थेट मला विचारलं,
बोटांनी: अंगठा तर्जनीवर घासला, तळवा उघडा केला,
मग मीटरकडे बोट.
आमच्या मापात पाप नसतं बाई,
एवढंच सांगता आलं असतं,
तेही कुठल्या भाषेत?
मी हसलो. ती हसली नाही.

भिंतीपर्यंत एक वाट झाली होती,
आडव्या माणसाची रुंदी. मीटरभर नव्हेच.
अडथळा: आहे / नाही.
मी ‘नाही’वर खूण केली. मोजे ओले होते.

निघताना तिनं हातात एक बाटली ठेवली, भरलेली.
बाहेर उणे चौतीस.
तिसऱ्या घरापर्यंत ती दगड झाली, पोटाला फुगली.

मेमध्ये सूचना निघाली, नळ बंद करा.
बाटली अजून गाडीत आहे, सीटखाली, वितळलेली.
मी प्यायलो नाही.
ओतायला दोनदा खाली उतरलो,
झाकण फिरवलं,
पुन्हा घट्ट लावलं.